गोगलगायीतला वास

अलार्म वाजला तेव्हा ती राहण्यासाठी घेतलेल्या गाडीतल्या ओट्याखालच्या कपाटात डोकं घालून पाण्याच्या पाइपाचा जोड आवळत होती आणि तिचा नवरा मागच्या पलंगावर गुडघे टेकून खिडकीची सैल कडी बसवत होता. आवाज दाराजवळून, अगदी जमिनीलगतून आला. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, म्हणून ती पांढरी डबी पायाशी लावलेली असते. तिने कपाटातून डोकं बाहेर काढून डबीकडे पाहिलं. लाल दिवा उघडझाप करत होता. नवऱ्याने डबीकडे पाहिलंच नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्याच्या मधोमध, आणि हातातला पेचकस तसाच धरून थांबला. तिने श्वास आत घेतला. हवा आली. थोडी गार होती, नाकपुडीच्या आतल्या कडेला लागून गेली, घशात उतरली, छातीत गेली. हवेचं येणं तिला अगदी तपशीलवार कळलं. त्या हवेत काय होतं ते कळलं नाही.

"येतोय का गं वास?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

मग त्याने दार उघडलं, खिडक्या ढकलल्या. थोड्या वेळाने डबी आपली आपण गप्प झाली. आपल्याला उगाच काहीतरी आल्यासारखं वाटलं, असं तो स्वतःशीच बोलला, पण तुला नाही ना आला, मग नाहीच. आणि परत कडीकडे वळला. तिने मात्र उठून सिलिंडरची चावी बंद केली. चावी फिरवताना तिच्या लक्षात आलं, की आपण बोललो ते शब्दशः खरं होतं. वास येत नव्हता. गेले कित्येक महिने कसलाच येत नव्हता. प्रश्न गॅसबद्दल होता आणि उत्तर तिच्याबद्दल होतं, आणि मधल्या फटीतून नवऱ्याने आपल्याला हवं ते काढून घेतलं होतं.

त्याचाही दोष नव्हता. तिच्या नाकावर त्या घराचा विश्वास होता आणि तो फुकटचा नव्हता. ती डेअरीत रसायनतज्ज्ञ होती. प्रयोगशाळा आत होती, काचेची, यंत्रांनी भरलेली, पण खरी पहिली परीक्षा बाहेर धक्क्यावर व्हायची. टँकर आला की शिडीने वर चढायचं, झाकण उचलायचं आणि झाकणाखाली कोंडलेली हवा पहिल्याच क्षणी नाकात घ्यायची. दुसरा श्वास निरुपयोगी. तोवर ती हवा उडून गेलेली असते. त्या एका श्वासात तिला कळायचं, दूध आंबट वळणावर आहे की गाईंनी काही उग्र पाला खाल्लाय, की कॅन धुताना औषध जास्त पडलंय. यंत्रं नंतर तेच सांगत. एकदा तिने आख्खा टँकर परत पाठवला होता तेव्हा चालकाने खाली उभं राहून विचारलं होतं, की बाई, हा वास माझा येतोय का दुधाचा, आणि तिने वरूनच सांगितलं होतं, की तुझा वेगळा येतोय, तो मी लिहीत नाही. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली की लेकीला ती पाठ होती. सासूबाई म्हणायच्या, आमच्या सुनेला नाक मुरडायचीसुद्धा गरज नाही, तिने नुसतं वळवलं तरी शिळं ताजं वेगळं होतं. नवऱ्याला बारमाही सर्दी. त्याने लग्नानंतर लवकरच वासाचं खातं तिच्याकडे सोपवून टाकलं, जसं तिने रस्त्यांचं खातं त्याच्याकडे सोपवलं. गॅस, भाजी, ओले कपडे, उंदीर, कसलाही संशय आला की तो नाकाऐवजी डोळे वापरायचा. तिच्या तोंडाकडे बघायचा.

मग तो ताप आला. आठवडाभराचा, साधा, सगळ्या इमारतीत फिरून गेलेला. उठली तेव्हा अशक्तपणा होता, बाकी काही नव्हतं, आणि तीन-चार दिवस तिला काही कळलंच नाही. वास गेला हे डोळे गेल्यासारखं कळत नाही. अंधार होत नाही. जग जिथल्या तिथे असतं, फक्त थोडं लांब उभं राहतं. साबणाची वडी हातात फिरवताना तिला वाटलं, या वडीत काहीतरी कमी आहे, कंपनीने साबण हलका केलाय. दुसरी वडी काढली. तीही तशीच. मग ती स्वयंपाकघरात गेली, दार लावून घेतलं, आणि शास्त्राचा माणूस करतो ते तिने केलं. डब्या, बाटल्या एका ओळीत मांडल्या, डोळे मिटले, एकेक उघडून नाकाशी धरली. कॉफी, व्हिनेगर, लवंग, रॉकेलची बाटली, फरशी पुसायचं औषध. व्हिनेगरने नाक झोंबलं तेव्हा तिला क्षणभर आशा वाटली. पण झोंबणं वेगळ्या नसेचं काम आहे, ती नस चेहऱ्याची, वासाची नव्हे, हे तिला ठाऊक होतं. पुदिन्याच्या गोळीचा गारवा कळला, पुदिना कळला नाही. जिभेवर खारट, आंबट, गोड, कडू ही चार खोल्यांची वस्ती शिल्लक होती, आणि बाकी सगळं शहर गेलं होतं. तिला भीती वाटायला हवी होती. वाटली, पण नंतर, रात्रीच्या जेवणाला. त्या दुपारी तिला सगळ्यात जास्त वाटलं ते कुतूहल. ती बाटल्यांसमोर उभी राहून विचार करत होती, की आठवण शिल्लक आहे का. कॉफीचा वास आठवतो का. ती डोळे मिटून कॉफी आठवायला लागली की कप दिसायचा, वाफ दिसायची, वडिलांचा चष्मा त्या वाफेने धुरकटलेला दिसायचा, सकाळचा खुर्ची ओढल्याचा आवाजही यायचा. सगळं यायचं. फक्त कॉफी यायची नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, परत येईल, नाहीतर नाही येणार, सांगता येत नाही. तिला ते उत्तर आवडलं, प्रामाणिक होतं. घरी सांगायचं ते तिने आधी पुढे ढकललं, कारण दोन आठवड्यांत परत आलं तर उगाच बोभाटा कशाला. मग ते राहिलंच. राहिलं त्याला कारणं होती आणि ती एकमेकांत गुंतलेली होती. तेव्हा गाडीचं नुकतंच ठरलं होतं. दोघं निवृत्त झालेले, लेक लांब आपल्या संसारात. फ्लॅट वर्षभर भाड्याने द्यायचा आणि गाडीतच राहायचं, हवं तिथे थांबत जायचं, ही कल्पना तिची होती, तिने ती नवऱ्याच्या गळी उतरवायला दोन वर्षं घातली होती. लेक त्या गाडीला गोगलगाय म्हणायची. आई, गोगलगाय कुठवर सरकली, असा तिचा फोन यायचा. कामं वाटून झाली होती: चालवणं, टायर, इंजिन त्याचं, पाणी, वीज, गॅस तिचं. आणि नवरा जन्मभर लिफ्ट तपासनीस. लोकांना वर-खाली नेणाऱ्या पेट्या तपासून त्याने नोकरी काढलेली. गॅसवर चालणाऱ्या घरात वास न येणारी बाई गॅस सांभाळणार, हे त्याला कळलं असतं तर त्याने गोगलगायीला आहे तिथेच लाकडी ठोकळे लावले असते. एवढं एक कारण पुरेसं होतं. पण त्याच्या खाली आणखी एक होतं, ते ती स्वतःशीसुद्धा अर्धवटच उच्चारायची. ती रिकामी हवा तिची एकटीची होती. तिथे काय आहे, काय नाही, हे तिला अजून बघून व्हायचं होतं. सांगितलं असतं तर घरातलं प्रत्येक माणूस तिच्या वतीने हुंगायला लागलं असतं.

तिने तोंड करायला शिकून घेतलं. ते अवघड नव्हतं. नवरा म्हणाला, काय छान वास सुटलाय, की मान डोलवायची. कचऱ्याच्या पिंपाशेजारून जाताना भुवई आखडायची. समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी उमटतं, मग आपण करायचं. मध्ये निमिषभराचं अंतर राहतं, ते कोणी मोजत नाही. गोची फक्त नवऱ्यापाशी व्हायची, कारण तोही तेच करत होता. एका सकाळी दोघं टेबलाशी बसली होती आणि आत दूध करपत होतं. त्याला काहीतरी लागलं असणार, कारण त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं म्हणून तिने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर काही नाही म्हणून तो परत वाचायला लागला, आणि तो वाचतोय म्हणून ती. पातेलं काळं झालं तेव्हा धूर दिसला. आपल्याला वाटलं शेजाऱ्यांचं असेल, तो म्हणाला, आपलं असतं तर तू उठली असतीस. ती पातेलं घासत राहिली. डेअरीतली बाई, आणि घरात दूध करपलं. तिला हसू येत होतं.

अलार्म थांबल्यावर सिलिंडर बंद करून ती वर घरात गेली. घर आता खोक्यांचं झालं होतं, भाडेकरू महिनाअखेर येणार होते. तिने वाटीत साबणाचं पाणी केलं, दाढीचा जुना ब्रश घेतला आणि खाली आली. गाडी इमारतीच्या मागच्या अंगणात उभी होती. मीटरच्या खोलीतून एक पिवळी वायर तिच्या पोटात गेली होती, निघण्याआधी वीज भरून घ्यावी म्हणून. नाक नसलेल्या माणसाने गॅसची गळती शोधायची रीत तीच, जी नाक असलेल्याने वापरायला हवी. चावी परत उघडायची, प्रत्येक जोडाला फेस लावायचा आणि बघत बसायचं. सिलिंडरच्या तोंडाशी, रेग्युलेटरपाशी, रबरी नळीच्या दोन्ही टोकांना, शेगडीच्या मागे, फ्रिजच्या मागे तिने फेस लावला. बुडबुडे तिथेच बसून राहिले, एकही फुगला नाही. तिला हे काम आवडायचं. फेस खोटं बोलत नाही आणि खरंही बढाया मारून सांगत नाही. मग नळीत गॅस भरून चावी बंद केली आणि दाबाच्या काट्यावर नजर ठेवली. जेवणाची वेळ होईतो काटा हलला नाही. गॅस कुठूनही जात नव्हता.

हे तिने नवऱ्याला जेवताना सांगितलं. तो म्हणाला, मग झालं तर. पण जेवून दोघं खाली आली, ऊन लागतं म्हणून त्याने खिडक्या लावल्या, आणि थोड्या वेळाने अलार्म पुन्हा वाजला. सिलिंडर बंद, काटा जागच्या जागी, आणि डबी ओरडतेय. त्याने पुन्हा तिच्याकडे पाहिलं. तिने या वेळी मुद्दाम दीर्घ श्वास घेतला, त्याला दिसेल असा, आणि मान हलवली. मान हलवताना तिला स्वतःचा संताप आला, पण मान हललेली होती. ती दाबाचा काटा बघायला मागच्या बाजूला गेली, तिथून वर जाऊन पाणी पिऊन आली, आणि परतली तेव्हा गाडीत शांतता होती. दाराजवळ, डबीच्या जागी, भिंतीतून दोन बारीक वायरी बाहेर आल्या होत्या आणि त्यांच्या टोकांना नीट काळी टेप गुंडाळलेली होती. तो चमच्यांचा खण बंद करत होता.

"काढून ठेवला," तो म्हणाला. "बिघडलाय. दिवसातून दोनदा खोटं बोलणाऱ्याला घरात कशाला ठेवायचं? आणि आपल्याकडे काय, तुझं नाक आहेच की."

एवढं बोलून तो लेकीचा फोन आला म्हणून वर गेला. जाताना शीळ घालत गेला. ती दारात उभी राहून त्या टेप लावलेल्या वायरींकडे बघत राहिली. टेप लावण्यात त्याचा हात तोच होता, सुबक, एकही सुरकुती नसलेला. हाच माणूस एकदा संध्याकाळी घरी आला होता तो न जेवताच बसून राहिला होता. कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या दाराचा खटका सारखा अडतो म्हणून तिथल्या रखवालदाराने त्यात काडेपेटीची काडी खुपसून ठेवली होती, म्हणजे दार उघडं असलं तरी लिफ्टला ते बंदच वाटावं. कोणाला काही झालं नव्हतं. पण तो रात्रभर कुशी बदलत होता. सकाळी म्हणाला होता, की यंत्र ओरडतं तेव्हा माणसाने आधी आपली चूक शोधावी, मग यंत्राची. आणि त्याने आज काडी खुपसली होती. तीही सहज, शीळ घालत. ती काडी म्हणजे आपण, हे तिला इतकं सरळ दिसलं की ती खाली पायरीवर बसली. आजपर्यंत ती आपल्या गुपिताकडे आपलं म्हणून बघत होती, कपाटातल्या वस्तूसारखं, ज्याचं बाहेर कोणाला काही होत नाही. आता तिला दिसलं, की ते कपाटात नव्हतं. ते नवऱ्याच्या वागण्यात शिरलं होतं. आठ-दहा दिवसांत दोघं या गाडीत झोपणार होती, खिडक्या लावून.

आत्ता वर जाऊन सांगावं, किंवा आधी हे शोधावं. तिने शोधायचं ठरवलं, आणि ठरवतानाच तिला कळलं की यात लबाडी आहे. शोध लागला तर सांगावं लागणार नाही. अलार्म खरा ठरेल, जागेवर जाईल, काडी निघेल, आणि कपाट बंद. तरीही ती आत जाऊन बाकावर बसली, कारण ती लबाडी असली तरी प्रश्न खरा होता. गॅस नाही, आणि अलार्म वाजतो. डबी काय ऐकते? डबीला गॅस असं काही कळत नाही. तिच्या आत एक गरम कण आहे, त्याला जळू शकणारं काहीही लागलं की ती ओरडते. तिचं नाक ढोबळ. म्हणजे दुसरं काहीतरी. तिला कॉलेजची प्रयोगशाळा आठवली, कोपऱ्यातलं काचेचं कपाट, त्यात तीन काचगोलांचं, वायू बनवायचं किपचं उपकरण, आणि त्यातून येणारा सडक्या अंड्यांचा वायू, ज्याने सगळ्या वर्गाचे कपडे, वह्या, डबेसुद्धा घाण मारायचे. म्हणजे मारत असत, असं तिला माहीत होतं. आठवत होती ती मुलींची रुमाल धरलेली तोंडं. शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, वास यायचा थांबला म्हणजे वायू गेला असं समजू नका, जास्त झाला की तो नाकालाच बंद पाडतो. तेव्हा सगळ्या हसल्या होत्या. ती तो वायू कशातून निघतो याची मनात उजळणी करत बसली, परीक्षेला बसल्यासारखी: लोखंडाचा सल्फाइड आणि आम्ल, गंधकाचं आम्ल कुठेकुठे असतं, शिसं आणि गंधकाचं आम्ल एकत्र कुठे असतं. आणि या सगळ्याच्या जोडीला, केव्हापासून कोण जाणे, तिच्या शरीराने दुसरी एक गोष्ट टिपून ठेवली होती. डावी मांडी गरम लागत होती. उजवी नाही.

ऊन दुसऱ्या बाजूला होतं. तिने तळवा बाकावर ठेवला. गादीतून ऊब वर येत होती, आजारी माणसाच्या अंथरुणातून येते तशी. ती उठली, पण बाकाची फळी उचलली नाही. आधी मीटरच्या खोलीत गेली आणि पिवळी वायर तिथूनच काढली, गाडीपासून लांब, ठिणगी पडलीच तर तिथे पडावी म्हणून. मग सगळी दारं-खिडक्या उघडून, बाहेर थोडं थांबून, तिने फळी वर केली. खाली घराची बॅटरी होती, जिच्यावर दिवे, पंप, फ्रिज चालतो ती. तिच्या कुशी फुगल्या होत्या. काळा प्लास्टिकचा डबा पोट भरल्यासारखा दोन्ही बाजूंनी सुटला होता आणि वर टोकांपाशी पांढुरका चुरा जमला होता. एक कप्पा आतून मेला होता. बॅटरी भरली असं कधी कळतच नाही म्हणून चार्जर बापडा दिवसेंदिवस वीज ओततच राहिला होता, आणि आतलं आम्ल उकळून वायू सोडत होतं. डबी दिवसातून दोनदा खरं बोलली होती. तिला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, निखळ आनंद झाला, उत्तर जुळल्याचा, धक्क्यावरच्या शिडीवर चढून व्हायचा तसा. तिने वरच्या खिडकीकडे तोंड करून नवऱ्याला हाक मारली आणि बॅटरीवर वाकून, फुगवट्याला कुठे चीर गेलीय का ते बघू लागली.

तो आला. दारातच थबकला. "अरे बापरे," म्हणत त्याने नाकावर बाही धरली आणि एक पाऊल मागे टाकलं. काहीतरी सडलंय, अंडी, गटार, काय आहे हे, असं तो बाहीआडून बोलत होता. बारमाही सर्दीचा माणूस, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने मान वर केली. तिचा चेहरा बॅटरीपासून वीतभर अंतरावर होता आणि त्यावर, तिला ठाऊक होतं, काहीच नव्हतं. शोधाच्या आनंदात ती तोंड करायचं विसरली होती. अजून वेळ गेली नव्हती. भुवई आखडायची, हात नाकाशी न्यायचा, हो ना, किती घाण, म्हणायचं. निमिषाचं अंतर जरा जास्त झालं असतं एवढंच. तो बाहीआडून तिच्याकडे बघत होता, सवयीने, मधोमध. तिने चेहरा होता तसाच ठेवला.

"तुला..." तो म्हणाला.

"नाही येत," ती म्हणाली. "कसलाच नाही. तापापासून."

त्याने बाही खाली केली. आधी तिला दंडाला धरून बाहेर काढलं, लिफ्टमधून माणूस काढावा तसं. अंगणात दोघं उभी राहिली. तो गाडीकडे बघत होता. तिला वाटलं तो विचारेल, का नाही सांगितलंस. तिच्याकडे उत्तरं तयार होती, एकात एक बसवलेली. त्याने ते विचारलं नाही.

"तुझ्या नाकावर मी तो काढून ठेवला," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मला वास आला होता. सकाळी आला होता, दुपारीसुद्धा. मी म्हटलं, तिला येत नाही म्हणजे माझंच नाक खोटं. तुझ्या नाकावर मी त्यात झोपलो असतो. तुला घेऊन."

तो गाडीत गेला, आणि तिने बाहेरून ऐकलं: खण उघडल्याचा आवाज, टेप फाडल्याचा, मग पेचकसाची किरकिर. बॅटरी गार व्हायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ तो अंगणाच्या भिंतीपाशी तिच्याकडे पाठ करून उभा होता आणि ती पायरीवर. मग त्याने हातमोजे घालून बॅटरी उचलून कोपऱ्यात, लोकांपासून लांब नेऊन ठेवली, गॅरेजवाल्याला फोन केला, नवी सांगितली, चार्जर तपासायलाही सांगितलं, आणि अलार्म आणखी एक हवा, पलंगापाशी. हे सगळं तो फोनवर तिच्या कामाच्या भागातलं बोलत होता आणि ती मधे पडली नाही. फोन ठेवून तो तिच्याशेजारी पायरीवर येऊन बसला. बसताना गुडघा वाजला.

निघायची तारीख पुढे ढकलावी लागेल, तो म्हणाला. तिने मान हलवली; हे येणारच होतं. मग तिने हळूच विचारलं, रद्द का. तो म्हणाला, रद्द कशाला, आणि त्याच्या तोंडावर चिडका भाव आला. तपासनीस नेमला की आधी त्याला शिकवावं लागतं, लगेच कोणी लिफ्टवर सोडत नाही. आता वास कोणी घ्यायचा, माझ्या या पडशाच्या नाकानेच ना? ती म्हणाली, हो, दुसरं नाक नाहीये घरात. त्यावर तो हसला नाही, पण त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला तो त्याने काढून घेतला नाही. थोड्या वेळाने तो उठून गाडीत गेला आणि तिला आत बोलावलं.

तो कपाटं उघडून एकेकात डोकं घालू लागला. ती मागे उभी राहून शिकवत होती: पहिल्या श्वासात काय येतं ते धरा, दुसरा घेऊ नका, आधी बाहेर जाऊन नाक मोकळं करून या. तो शहाण्या विद्यार्थ्यासारखा बाहेर जाऊन येत होता. पहिल्या कपाटाला म्हणाला, काही नाही. दुसऱ्याला म्हणाला, लाकूड. कसलं लाकूड, तिने विचारलं, ओलं की कोरडं, नवं की जुनं? त्याला सांगता येईना. आहे आपलं लाकडासारखं, म्हणाला, आणि वैतागला, की अगं याला शब्द तरी असतात का. असतात, ती म्हणाली, डेअरीत आम्ही केले होते. पलंगाखालच्या कप्प्याशी तो बराच वेळ थांबला. इथे काहीतरी बंद आहे, म्हणाला, बंद असं नाही, बंद राहिल्यासारखं. तिने कप्पा उपसला तर मागच्या फळीला बोट लावल्यावर ओल लागली. खिडकीच्या कडीतून पाणी उतरत असणार. तो इतका खूश झाला की त्याला ते लपवता आलं नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. किती महिन्यांनी कोणीतरी तिला त्या गेलेल्या शहरातली एक गल्ली नीट सांगितली होती, आणि तिला आणखी विचारायचं होतं. पाण्याच्या टाकीचं, बुटांचं, बाहेरच्या अंगणाचं, दुपार आणि संध्याकाळ यांत काही फरक असतो का त्याचं. पण तिने विचारलं ते भलतंच, आणि विचारताना तिला कळलं की हेच तिला त्या साबणाच्या वडीपासून विचारायचं होतं आणि विचारायला कोणी नव्हतं.

"माझा येतो का हो वास?"

तो वळला. चेष्टा करावी की नाही ते त्याला कळेना. तिने सांगितलं, की आंघोळ करून बाहेर आले की मला माझंच काही कळत नाही. कपडे घामट झालेत की धुतलेले, माणूस जवळ आलं की मी मागे सरकते. एवढं बोलून तिने तोंड दुसरीकडे केलं. त्याने पेचकस ओट्यावर ठेवला. मग पायरी उतरून गाडीबाहेर गेला, तिला वाटलं गेलाच, पण तो अंगणात उभा राहून नाक मोकळं करत होता, शिकवल्याप्रमाणे. परत आला, तिच्या कानामागे वाकला आणि एकच श्वास घेतला.

"साबण आहे," तो म्हणाला. "तो वरवर. त्याच्या खाली..."

"खाली काय?"

"तूच आहेस. आता ते कसं सांगायचं?"

"सांगा ना."

तो डोळे मिटून उभा राहिला. अवघड चौकात नकाशा न उघडता तो असा उभा राहायचा. "इस्त्री केल्यावर सुती कापड असतं ना," तो सावकाश म्हणाला, "गार व्हायच्या आधी, तसं काहीतरी. नाही. चुकलं, कापड नाही." त्याने मान हलवली. "थांब, बाहेर जाऊन येतो. परत घेतो." आणि तो परत पायरी उतरला, आणि ती मान तशीच कलती ठेवून थांबली.